एचपीएलसीचा रन लवकर कसा संपवायचा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एचपीएलसी म्हणजे बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, सॉल्व्हंट दाबानं ढकलून मिश्रणातले घटक वेगळे करायचं आणि मोजायचं तंत्र. एका इंजेक्शनची एक फेरी म्हणजे रन. घटक बाहेर पडला की आलेखावर जो उंचवटा उठतो तो पीक, आणि मधली सपाट रेघ ती बेसलाइन. वाळूज आणि चिकलठाण्याच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये मी बरीच वर्षं काढली. त्यातल्या किती रात्री नुसत्या बेसलाइनकडं बघत गेल्या, त्याचा हिशेब नाही. आता एम.एस्सी.ची, बी.फार्म.ची पोरं आणि नव्यानं लागलेले केमिस्ट फोन करून तेच तेच विचारतात. म्हणून एकदाचं लिहून टाकलं. क्रम काटेकोर नाही. ज्या प्रश्नात लोक जास्त अडकतात, त्याला जास्त जागा दिली आहे.

सर, पस्तीस मिनिटांचा रन आहे. फ्लो वाढवला की झालं ना?

थोडंफार होतं. मिनिटाला १.० मिलीचा फ्लो १.५ केला की ३५ मिनिटांचा रन २३ मिनिटांवर येतो आणि प्रेशर दीडपट होतं. पण ५ मायक्रॉनच्या कॉलमवर फ्लो वाढवत गेलात की पीक रुंद होत जातात आणि शेजारची दोन पीकं एकमेकांच्या अंगावर रेलायला लागतात. आधीच काठावर असलेलं रिझोल्यूशन, म्हणजे दोन पीकांमधली फारकत, त्यात जातं. फ्लो हा सगळ्यात सोपा उपाय आहे, म्हणून सगळे आधी तिथंच हात घालतात. माझ्या यादीत तो तिसरा-चौथा.

मग पहिला कोणता?

क्रोमॅटोग्राम, म्हणजे रनचा आलेख, कागदावर छापा आणि पेन्सिल घेऊन बसा. स्क्रीनवर नको, कागदावरच. कुठं काहीच घडत नाही, तो पट्टा रंगवा. समजा एखाद्या सिरपची ॲसे आहे, म्हणजे त्यात औषध किती ते मोजायचंय. मुख्य पीक ९ मिनिटांना, त्याच्या अलीकडचं ६ मिनिटांना आणि मग थेट २८ मिनिटांना प्रोपिलपॅराबेन (सिरप टिकावं म्हणून घातलेलं). म्हणजे १० ते २७ मिनिटांच्या मधे नुसतं सॉल्व्हंट वाहतंय. ती सतरा मिनिटं कुणासाठी? कुणासाठीच नाही.

आता रिझोल्यूशन बघा. दोन शेजाऱ्यांमध्ये २ असलं तर मला पुरतं, आणि तुमच्याकडं ४ आहे. रिझोल्यूशन प्लेट काउंटच्या (कॉलम किती बारीक पीकं देतो, त्याच्या आकड्याच्या) वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, आणि प्लेट काउंट कॉलमच्या लांबीच्या प्रमाणात. याचा उलटा अर्थ लोक लक्षात घेत नाहीत: ४ वरून २ वर यायचं तर कॉलम निम्मा नाही, चौथाई पुरतो. २५० मिलिमीटरच्या जागी साधारण ६० चा. सगळं बाकी तेच ठेवून वेळही चौथाई, प्रेशरही चौथाई. गरजेपेक्षा जास्तीचं रिझोल्यूशन म्हणजे घरात पडून असलेली रोकड. ती खर्चून वेळ विकत घ्या. नवीन मशीनचं कोटेशन मागवायच्या आधी ही रोकड मोजा, एवढंच मी प्रत्येकाला सांगतो.

एका लॅबमध्ये ४५ मिनिटांचा रन वर्षानुवर्षं चालला होता, कारण ४१ व्या मिनिटाला एक इम्प्युरिटी येते असं मेथडमध्ये लिहिलेलं होतं. ती इम्प्युरिटी जुन्या सिंथेसिस रूटची, म्हणजे औषध बनवायच्या जुन्या पद्धतीची होती. रूट बदलून जमाना झाला होता. कुणीच विचारलं नाही. मीही पहिली दोन वर्षं विचारलं नव्हतं.

रन लहान केल्यानं खरंच केवढा फरक पडतो?

बोटांवर मोजू. ब्लँक (नुसतं सॉल्व्हंट) १, प्लासिबो (औषध सोडून बाकी सगळं) १, स्टँडर्डची (माहीत असलेल्या नमुन्याची) ५ इंजेक्शनं, १० बॅचेस दुहेरी म्हणजे २०, आणि मधूनमधून ब्रॅकेटिंगची (स्टँडर्ड पुन्हा तपासायची) ३. एकूण ३०. ३५ मिनिटांच्या रननं १,०५० मिनिटं, म्हणजे साडेसतरा तास. तोच रन १२ मिनिटांचा झाला तर ६ तास. एका शिफ्टमध्ये आटोपलं.

आपल्याकडं याला आणखी एक अर्थ आहे. साडेसतरा तासांच्या सीक्वेन्समध्ये (ओळीनं लावलेल्या इंजेक्शनांत) लाइट एकदा तरी जाणार आणि यूपीएसची बॅटरी नेमकी तेव्हाच दगा देणार, हे उन्हाळ्यात जवळपास ठरलेलं. सहा तासांचं काम लाइट असेपर्यंत उरकता येतं.

कण लहान केले की वेग वाढतो म्हणतात. पण लहान कणांतून तर द्रव हळू जायला पाहिजे ना?

प्रश्न अगदी बरोबर आहे. काळ्या मातीचं रान आणि मुरमाड रान शेजारी शेजारी असेल तर पाऊस कुठं लवकर मुरतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. मुरमातून झरझर जातं. काळ्या मातीत वर तळं साचतं. कॉलममध्येही बारीक कण म्हणजे जास्त अडथळा, जास्त प्रेशर. मग फायदा कुठून आला?

फायदा रेणूच्या बाजूनं आहे. सिलिकाचा कण सच्छिद्र असतो आणि रेणू त्याच्या आत शिरून बाहेर येतो. ५ मायक्रॉनचा कण म्हणजे तीन चौकी वाडा समजा. एक पाहुणा ओसरीवरूनच परत फिरतो, दुसरा पार माजघरापर्यंत जाऊन गप्पा मारत बसतो. दोघं एकाच गाडीनं आलेले, पण बाहेर पडायच्या वेळेत मोठं अंतर. पीक रुंद होतं ते याच अंतरामुळं, आणि फ्लो वाढवला की हे अंतर जास्तच बोचतं. पावणेदोन मायक्रॉनचा कण म्हणजे एका खोलीचं घर. कितीही आत गेला तरी पाहुणा लगेच बाहेर. म्हणून लहान कणांवर फ्लो वाढवला तरी पीक बारीकच राहतं.

हे सगळं १९५६ साली व्हॅन डीम्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका समीकरणात बसवलं. त्यातलं तिसरं पद, वेगाबरोबर वाढणारं, कणाच्या आकाराच्या वर्गावर अवलंबून असतं. परीक्षेत सगळे तो आलेख काढतात. मशीनसमोर बसल्यावर तो आठवत नाही, ही वेगळी गोष्ट.

हिशेबाचं सार असं: प्लेट काउंट तेवढाच ठेवायचा असेल, तर कण लहान करताना कॉलमही त्याच प्रमाणात आखूड करायचा आणि फ्लो त्याच प्रमाणात वाढवायचा. मग वेळ जितक्या पटीनं वाचतो, तितक्याच पटीनं प्रेशर मोजावं लागतं. ५ चे ३ मायक्रॉन केलेत तर दोन्हीकडं २.८ पट. ५ चे १.७ केलेत तर दोन्हीकडं साडेआठ पटीहून थोडं जास्त. फुकट काही नाही.

गंमत म्हणजे अगदी बारीक कण आणि कॉलमच्या दोन टोकांत मोठा दाब हवा, हे मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ सालच्या निबंधातच लिहून ठेवलं होतं. त्या कामाला १९५२ चं नोबेल मिळालं. पण तो दाब पेलणारा पंप, सील आणि कण असं सगळं एकत्र बाजारात यायला २००४ साल उजाडलं. वॉटर्स कंपनीनं पहिलं यूपीएलसी (खूप जास्त दाबाचं एचपीएलसी) आणलं ते १५,००० पीएसआय, म्हणजे हजार बारच्या वरचं.

आमच्याकडं जुनंच मशीन आहे, ४०० बारचं. आमचं काय?

तुमच्यासाठीच कोअर-शेल कॉलम आहेत. केसर आंबा डोळ्यांसमोर आणा. आत टणक कोय, वर गराचा थर. या कणात मधला गाभा भरीव असतो आणि सच्छिद्र सिलिकाचा थर फक्त वरून. सगळ्यात जास्त चालणाऱ्या २.७ मायक्रॉनच्या कणात १.७ मायक्रॉनची कोय आणि अर्ध्या मायक्रॉनचा गर. रेणूला कोयीत जाताच येत नाही, त्यामुळं वाड्यात हरवायचा प्रश्न नाही. कामगिरी दोन मायक्रॉनखालच्या कणांच्या जवळ जाते आणि प्रेशर मात्र जवळपास निम्म्यावर राहतं. ही जात २००६-०७ च्या सुमारास बाजारात आली. माझ्या मते जुन्या एचपीएलसीला तिच्याइतकं तारलं ते दुसऱ्या कशानंच नाही.

आकडे बघा. २५० मिलिमीटर, ४.६ व्यास, ५ मायक्रॉन, फ्लो १.०, प्रेशर समजा ११० बार. त्या जागी १०० मिलिमीटर, ४.६ व्यास, २.७ मायक्रॉनचा कोअर-शेल. प्लेट काउंट दोन्हींचा साधारण वीस हजारांच्या घरात. फ्लो तोच ठेवलात तर वेळ ४० टक्क्यांवर आणि प्रेशर १५० बार. फ्लो १.५ केलात तर वेळ पाव हिश्श्याच्या जरा वर आणि प्रेशर २२५ च्या आसपास. ३५ मिनिटांचं काम साडेनऊ मिनिटांत, तुमच्याच मशीनवर. सॉल्व्हंट रनमागं ३५ मिलीऐवजी १४ मिली.

४.६ व्यासच ठेवा, असं मी मुद्दाम सांगतोय. जुन्या मशीनवर २.१ व्यासाचा कॉलम लावायचा मोह होतो, आणि मग पुढचा प्रश्न येतो.

नवीन महागडा कॉलम लावला, पण पीक जुन्यापेक्षा जाडच दिसतंय. कॉलम खराब निघाला का?

बहुतेक वेळा कॉलम चांगला असतो, वाट खराब असते. इंजेक्टरपासून कॉलमपर्यंत आणि कॉलमपासून डिटेक्टरपर्यंतची नळी मोजा. पाव मिलिमीटर आतल्या व्यासाची ६० सेंटिमीटर नळी म्हणजे जवळपास ३० मायक्रोलिटर. २.१ बाय ५० च्या कॉलममध्ये मोकळी जागाच मुळात शंभर-सव्वाशे मायक्रोलिटर असते. म्हणजे कॉलमनं कष्टानं वेगळं केलेलं नळीनं पुन्हा कालवून टाकलं. तीच नळी ०.१२ मिलिमीटरची घेतली तर ७ मायक्रोलिटर. नळी जितकी जमेल तितकी आखूड करा. मशीनच्या मागून वळसा घालून, डब्यात गुंडाळी करून ठेवलेली नळी मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मग फेरूल, म्हणजे नळी घट्ट धरणारी फिटिंगमधली कडी. दुसऱ्या कंपनीच्या कॉलममध्ये बसवलेलं फिटिंग तसंच उचलून यात घातलं की नळीचं टोक तळाला टेकत नाही आणि मधे बारीकशी पोकळी उरते. सगळ्या पीकांना शेपूट फुटतं. आधी येणाऱ्या पीकाला जास्त, उशिरा येणाऱ्याला कमी. हे लक्षण दिसलं की कॉलमला दोष देऊ नका, पाना घ्या.

फ्लो सेलही, म्हणजे डिटेक्टरमधली मोजणीची पोकळी, बघा. नेहमीचा सेल १० मायक्रोलिटरचा असतो. ४.६ व्यासाला चालतो, २.१ व्यासाला जड जातो.

इंजेक्शन व्हॉल्यूम तेवढंच ठेवणं ही अजून एक चूक. २५० बाय ४.६ वर २० मायक्रोलिटर टाकत असाल तर १०० बाय ४.६ वर ८ टाका, आणि ५० बाय २.१ वर एकसुद्धा नाही, ०.८. सॅम्पल शुद्ध ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवलेलं असेल आणि मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) पाणी जास्त असेल, तर आखूड कॉलमवर त्याची शिक्षा लगेच मिळते: पहिलं पीक दुभंगतं.

पीक टोकदार न येता तंबूसारखं येतं. का?

डिटेक्टरचं सॅम्पलिंग रेट बघा. जुन्या मेथडमधून १ हर्ट्झ तसंच आलं असेल. ३ सेकंद रुंदीच्या पीकावर १ हर्ट्झ म्हणजे तीन ठिपके. तीन ठिपके जोडून तंबूच होणार. पीकावर वीसेक ठिपके तरी पाहिजेत, म्हणून १० हर्ट्झ ठेवा. टाइम कॉन्स्टंट किंवा रिस्पॉन्स टाइमही त्यासोबत कमी करा. फार वाढवलं तर नॉइज वाढतो, तेव्हा ८० वगैरे नको.

मे महिन्यात दुपारी आरटी (रिटेन्शन टाइम, पीक बाहेर यायची वेळ) अलीकडं सरकतो आणि रात्री परत जागेवर येतो. भूतबाधा?

उन्हाची बाधा. बऱ्याच साध्या कॉलम ओव्हनना फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. मेथडमध्ये ३० अंश लिहिलेलं आहे, एसी बंद पडलाय, खोलीत ३५ आहे. ओव्हन बिचारा काय करणार? कॉलम ३५ वर चालतो. स्क्रीनवर नीट वाचलंत तर खरं तापमान दिसतं, पण ते कोण वाचतं! तापमान एक अंशानं वाढलं की रिटेन्शन (कॉलममध्ये अडकून राहणं) साधारण एक-दोन टक्के कमी होतं, म्हणून दुपारी पीक अलीकडं येतात.

नवीन मेथड बसवत असाल तर ४० अंश धरा. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यातही ओव्हन ते स्थिर राखू शकेल, कारण लॅबची खोली शक्यतो त्याच्या खालीच असते. आणि वेगाचा फायदा वेगळा मिळतो: २५ अंशांवरून ४० वर गेलं की पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) पाव हिश्श्यानं उतरते, प्रेशर उतरतं, तेवढा फ्लो वाढवायला वाव मिळतो. शिवाय रेणूंची हालचाल वाढते, म्हणून पीकही बारीक राहतं. माझ्या लेखी तापमान हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. साध्या सिलिकाचे सी-१८ कॉलम (सिलिकावर अठरा कार्बनच्या साखळ्या चिकटवलेले) ६० अंशांच्या वर नेऊ नका, आणि पीएच ७-८ च्या पुढं असेल तर ६० सुद्धा नको, सिलिका विरघळते. दुसरं, तापमान बदललं की पीकांचा क्रमही बदलू शकतो. आम्ल किंवा बेस असलेल्या संयुगांत तर हमखास. फक्त मुख्य पीक बघून "जमलं" म्हणू नका.

मेथनॉल स्वस्त आहे. ॲसिटोनायट्राइल सोडून ते वापरलं तर?

वेग हवा असेल तर नाही. मेथनॉल आणि पाणी निम्मंनिम्मं केलं की मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा दीडपटीहून जास्त व्हिस्कस होतं. प्रेशर तिथंच खर्ची पडतं. ॲसिटोनायट्राइलच्या मिश्रणाला हा त्रास जवळपास नाही. शिवाय ते १९० नॅनोमीटरपर्यंत पारदर्शक, मेथनॉल २०५ पर्यंतच. २१० ला मोजत असाल तर बेसलाइन त्रास देते.

पण मेथनॉलची सिलेक्टिव्हिटी (घटक एकमेकांपासून दूर करायची तऱ्हा) वेगळी असते, आणि कधी कधी ॲसिटोनायट्राइलला न फुटणारी जोडी मेथनॉलमध्ये सहज फुटते. जोडीतलं अंतर वाढलं की कॉलम आखूड करता येतो. तेव्हा "नाही" म्हटलं तरी एकदा करून बघा. ॲसिटोनायट्राइल हे ॲक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यातलं उपउत्पादन आहे. तिकडचं उत्पादन मंदावलं की इकडं टंचाई, २००८-०९ मध्ये जगभर झाली तशी.

आयसोक्रॅटिक रनमध्ये (मोबाइल फेजचं मिश्रण शेवटपर्यंत तेच) शेवटचं एकच पीक वाट बघायला लावतं.

मोबाइल फेजमध्ये ऑरगॅनिक (ॲसिटोनायट्राइल किंवा मेथनॉल) १० टक्क्यांनी वाढवा, रिटेन्शन साधारण दोन ते तीन पट कमी होईल. पुढची पीकं गर्दी करत असतील तर हे जमणार नाही. मग ग्रेडियंट घ्या, म्हणजे रन चालू असताना ऑरगॅनिक वाढवत न्या: महत्त्वाची पीकं जुन्याच चालीनं येऊ द्यात आणि नंतर एकदम चढ द्या. "शेवटचं पीक नको आहे ना, मग रन आधीच थांबवू" असं मात्र करू नका. ते पीक पुढच्या इंजेक्शनमध्ये न बोलावलेल्या पाहुण्यासारखं हजर होतं आणि तुम्ही ओओएसच्या (मर्यादेबाहेरच्या निकालाच्या) चौकशीत अडकता.

ग्रेडियंट मेथड आखूड कॉलमवर नेली आणि सगळं विस्कटलं.

कॉलम बदललात, ग्रेडियंट तोच ठेवलात. ग्रेडियंट मिनिटांत नाही, कॉलमच्या किती पट व्हॉल्यूममध्ये चढतो यात मोजायचा. २५० च्या कॉलमवर १.० फ्लोनं ४० मिनिटांचा चढ असेल, तर त्याच व्यासाच्या १०० च्या कॉलमवर १.५ फ्लोनं तो १०.७ मिनिटांचा होतो: ४० गुणिले १०० भागिले २५०, भागिले १.५. व्यासही बदलला तर व्यासाच्या वर्गाचं गुणोत्तर धरा. टेबलातली प्रत्येक ओळ याच हिशेबानं, होल्डसुद्धा (चढ न देता थांबायचा वेळ).

हे करूनही जुळलं नाही तर ड्वेल व्हॉल्यूम. सॉल्व्हंट मिसळतात तिथून कॉलमच्या तोंडापर्यंतची जागा. जुन्या क्वाटर्नरी (चार सॉल्व्हंट मिसळणाऱ्या) पंपांमध्ये ती एक मिली किंवा जास्त असते. १.० फ्लोला ग्रेडियंट एक मिनिट उशिरा पोचतो. तेच २.१ व्यासावर ०.४ फ्लोला अडीच मिनिटं. अख्खा ग्रेडियंट पाच मिनिटांचा असताना निम्मा वेळ कॉलमला त्याची बातमीच नसते. एका मशीनवर चालणारी मेथड दुसऱ्यावर का चालत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा इथं सापडतं.

आणि री-इक्विलिब्रेशन, म्हणजे पुढच्या इंजेक्शनआधी कॉलम पुन्हा सुरुवातीच्या मिश्रणावर आणणं. दहा कॉलम व्हॉल्यूम ही सवय आहे, कायदा नाही. २५० च्या कॉलमवर ती दहा म्हणजे १.० फ्लोला २५ मिनिटं, म्हणजे कित्येकदा रनइतकीच. पाच देऊन बघा. सहा इंजेक्शनांत आरटी हलत नसेल तर पाच पुरे. आयन-पेअर मेथडमध्ये (मोबाइल फेजमध्ये विरुद्ध भाराचं रसायन घालतात ती) हा प्रयोग करू नका, ती मुरायला फार वेळ घेते.

हळदीतलं कुरकुमिन लवकर मोजायचं आहे. औषधांचे हे नियम तिथं लागतात का?

लागतात, उलट सोपे पडतात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोली-नांदेडकडून हळदीबद्दल विचारणा होते ती बहुतेक याच कामासाठी. हळदीत तीन कुरकुमिनॉइड मोजायचे: बिसडेमेथॉक्सीकुरकुमिन, डेमेथॉक्सीकुरकुमिन आणि कुरकुमिन. सी-१८ वर आम्लयुक्त पाणी आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये ते याच क्रमानं बाहेर येतात. मोजायचं ४२५ नॅनोमीटरच्या आसपास. त्या तरंगलांबीवर हळदीतलं बाकीचं बरंचसं दिसतच नाही. तेल नाही, साखर नाही, क्रोमॅटोग्राम स्वच्छ. तीनच पीकं वेगळी करायला २५० चा कॉलम म्हणजे शेळी न्यायला ट्रॅक्टर. ५० किंवा ७५ मिलिमीटरच्या कोअर-शेलवर पाच मिनिटांच्या आत काम होतं.

मोबाइल फेजमध्ये थोडं फॉर्मिक किंवा ॲसेटिक ॲसिड पाहिजेच, नाहीतर पीकांना शेपूट येतं. कुरकुमिन अल्कलीत टिकत नाही, आणि प्रकाशात फिकं पडतं, म्हणून अंबर व्हायल (तपकिरी काचेची कुपी). रंगाचं सांगायचं तर क्रोमॅटोग्राफी सुरूच झाली ती वनस्पतींच्या रंगांवर. मिखाइल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञानं खडूच्या भुकटीनं भरलेल्या नळीतून पानांतले हिरवे-पिवळे रंग वेगळे केले आणि १९०६ मध्ये या पद्धतीला नाव दिलं. रशियनमध्ये "त्स्वेत" म्हणजेच रंग. मोंढ्यात हळदीची पारख आजही आधी रंगावरच होते.

फार्माकोपियाची (औषधांच्या कसोट्यांच्या अधिकृत ग्रंथाची) मेथड आहे. हात लावायची परवानगी आहे का?

आहे, मर्यादेत. अमेरिकेच्या फार्माकोपियातला ६२१ क्रमांकाचा अध्याय युरोपच्या फार्माकोपियाशी जुळवून घेतला गेला आणि १ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यात कॉलमची लांबी भागिले कणाचा आकार हे गुणोत्तर धरलंय. मूळच्या तुलनेत ते २५ टक्के कमी ते ५० टक्के जास्त एवढं बदलता येतं. २५० मिलिमीटर आणि ५ मायक्रॉनचं गुणोत्तर ५०,०००. १५० मिलिमीटर आणि ३ मायक्रॉनचंही ५०,०००. बिनधास्त बदला. कोअर-शेलसाठी गुणोत्तराऐवजी प्लेट काउंट त्याच मर्यादेत असला तरी चालतं. ही सोय आता ग्रेडियंटलाही आहे, पूर्वी नव्हती. फ्लो आणि इंजेक्शन व्हॉल्यूम त्यातल्या सूत्रानं काढा.

मोबाइल फेजचा पीएच ०.२ पर्यंत हलवता येतो. कॉलमचं तापमान आयसोक्रॅटिकमध्ये १० अंश इकडंतिकडं, ग्रेडियंटमध्ये ५. तरंगलांबीला हात लावायचा नाही. सी-१८ चा सी-८ करायचा नाही. सिस्टिम सूटॅबिलिटी (रनआधी मशीन-कॉलम ठीक चालतंय का, याची चाचणी) पास झाली पाहिजे, हे वेगळं सांगायला नको. भारतीय फार्माकोपियानुसार काम असेल तर त्याचाच चालू आवृत्तीतला अध्याय उघडून बघा. ऐकीव माहितीवर चेंज कंट्रोल (मेथड बदलायचा अर्ज) लिहू नका, माझ्या सांगण्यावरूनही नको.

ॲसे आखूड करताना मी ढिला असतो, रिलेटेड सबस्टन्सेसच्या (इम्प्युरिटी मोजायच्या मेथडच्या) बाबतीत नाही. तिथं फोर्स्ड डिग्रेडेशनची (मुद्दाम बिघडवलेली) सॅम्पलं नव्या कॉलमवर पुन्हा चालवा आणि पीक प्युरिटी (एका पीकाखाली एकच घटक आहे ना) बघा. वेळ वाचवायच्या नादात एखादी इम्प्युरिटी मुख्य पीकाच्या पोटात गेली तर क्रोमॅटोग्राम आधीपेक्षा सुंदर दिसतो. धोका तोच आहे.

बारीक कणांचे कॉलम लगेच ब्लॉक होतात. दोन महिन्यांत दोन गेले.

शेतात ठिबक असेल तर हे समजवायला लागत नाही. बोअरचं जड पाणी, फिल्टर धुतलेला नाही, ॲसिड सोडलेलं नाही: महिन्यात ड्रिपर बंद. लॅटरलचा दोष नसतो. कॉलमचंही तसंच. २ मायक्रॉनखालच्या कॉलमची फ्रिट (तोंडाची जाळी) फार बारीक असते. तिथं ०.४५ चा फिल्टर पुरत नाही, ०.२ घ्या, सॅम्पललाही आणि बफरलाही. गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधीचा छोटा कॉलम) किंवा इनलाइन फिल्टर लावा. तो काही शेकड्यांत किंवा हजारांत जातो, कॉलम काही दहा हजारांत.

फॉस्फेट बफरची बाटली आठवडाभर वापरू नका. आपल्या हवेत त्यात शेवाळ धरायला फार दिवस लागत नाहीत. आणि फॉस्फेटवरून थेट शुद्ध ॲसिटोनायट्राइलवर उडी मारू नका, मीठ तिथल्या तिथं गोठतं. मधे दहा टक्के ऑरगॅनिकचं पाणी फिरवा, मगच. लॅबचं पाणी १८.२ मेगाओमचं दाखवत असलं तरी मागचं आरओ जड पाण्यावर चालत असेल तर काडतुसं लवकर संपतात. ग्रेडियंटच्या ब्लँकमध्ये अनोळखी पीक उगवली की आधी तिथं बघा.

रन दहा मिनिटांवर आणला, तरी रिपोर्ट तेव्हाच निघतो. कसं काय?

कारण आता वेळ कॉलममध्ये जात नाहीये. सॅम्पल अर्धा तास सोनिकेट (ध्वनिलहरींनी हलवून विरघळवणं), मग थंड होऊ द्या, मग फिल्टर, मग व्हायल. बफर सकाळी साडेनऊला करायला घेतला की पहिलं इंजेक्शन बाराला. पीक इंटिग्रेट करायला वेगळा माणूस, तपासायला वेगळा. ३५ मिनिटांच्या रनमागं हे सगळं झाकून जात होतं. सोनिकेशन खरंच अर्धा तास लागतं का ते एकदा ५, १०, २० मिनिटांना मोजून बघा. ऑटोसॅम्पलरला रन चालू असतानाच पुढचं सॅम्पल उचलून तयार ठेवायची सोय असते, ती सेटिंगमध्ये बहुतेक बंद पडलेली असते. पाच मिनिटांच्या रनमध्ये इंजेक्शनमागं एक मिनिट म्हणजे मोठा तोटा.

मोनोलिथ कॉलम?

कण नाहीतच, एकसंध सच्छिद्र सिलिकाची कांडी. २००० च्या सुमारास आले. प्रेशर अगदी कमी, म्हणून फ्लो तिप्पट-चौपट करता येतो. घाणेरड्या सॅम्पललाही बरे. सॉल्व्हंट मात्र भसाभस जातं आणि निवड फार थोडी. मी दोनदाच वापरले.

यूएचपीएलसी (यूपीएलसीसारखं जास्त दाबाचं मशीन) घ्यावं का?

रोज शंभरेक इंजेक्शनं असतील, मास स्पेक्ट्रोमीटर जोडायचा असेल किंवा ग्रेडियंटच्या मेथडी जास्त असतील तर घ्या. महिन्यात चार सीक्वेन्स चालवणाऱ्या कॉलेजच्या लॅबला मी नको म्हणेन. तेवढ्या पैशांत कोअर-शेल कॉलम, बारीक नळ्या, चांगलं ओव्हन आणि नीट चालणारं यूपीएस येतं. घेतलंच तर सील, चेक व्हॉल्व्ह आणि सर्व्हिसचा खर्च धरून चाला. इंजिनिअर पुण्या-मुंबईहून येतो आणि तोपर्यंत मशीन झाकून ठेवावं लागतं.

मग जुने २५० चे कॉलम टाकून द्यायचे?

एक ठेवा, धुऊन, दोन्ही टोकांना प्लग लावून, ॲसिटोनायट्राइल भरून. नव्या मेथडवर काही शंकास्पद दिसलं की तेच सॅम्पल जुन्यावर घालून बघायला उपयोगी पडतो. चाळीस मिनिटं लागतात, लागू द्या. डब्यावर शेवटचा प्लेट काउंट आणि तारीख लिहून ठेवा, नाहीतर वर्षभरानं तो चांगला होता की खराब म्हणून काढला होता, यावर वाद होतो.